रक्त सांडलेली जागा साफ करून घेताना : आधीची तयारी, बोलावताना आणि काम झाल्यावर

या यादीतलं पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. अपघात, हल्ला, आत्महत्या किंवा कोणाच्या लक्षातच न आलेला मृत्यू, काहीही घडलं की घरातल्या कोणाच्या तरी हातात लगेच बादली आणि फडकं येतं. बाकीच्यांच्या नजरेला ते पडू नये, ही धडपड समजण्यासारखी आहे. पण फडकं फिरलं की पोलिसांचा पुरावाही जातो आणि डाग कुठवर पोचलाय याचा मागही पुसला जातो. तेव्हा खोलीचं दार लावून घ्यावं. मुलं आणि पाळीव जनावरं दुसरीकडे हलवावीत. घरभर हवा फिरवणारी एसीची यंत्रणा असेल तर ती बंद करावी. वास जावा म्हणून पंखाही लावू नये, कारण वाळलेल्या रक्ताचे कण त्याने उडतात.

मग पोलिसांकडून जागा मोकळी झाल्याचं लेखी घ्यावं. 'आता आवरायला हरकत नाही' असं तोंडी सांगितलेलं पुढे उपयोगी पडत नाही. विमा कंपनी किंवा घरमालक कागदच मागतात. पंचनामा झाला की पोलीसच जागा धुऊन देतात असा अनेकांचा समज असतो. सहसा तसं होत नाही. तपासाची माणसं पुरावा घेऊन जातात आणि बोटांच्या ठशांसाठी मारलेली काळी पावडर मागे सोडून जातात. ती ओल्या फडक्याने पुसायला गेलं की भिंतभर पसरते, म्हणून ती काढणं कामात धरलंय का, हे सफाई करणाऱ्या कंपनीला आधीच विचारून ठेवावं.

विम्याचा फोन सफाईच्या आधी करावा, नंतर नाही. फोटो दारातूनच काढावेत, आत न शिरता.

आता माणसं बोलवायची की आपणच करायचं? टाइल, काच, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर थोडंसं ताजं रक्त असेल, तर घरच्या घरी होतं. हातमोजे दुहेरी घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा. रक्त कागदी टॉवेलने टिपून घ्यावं, साबणपाण्याने जागा धुवावी आणि मगच जंतुनाशक लावावं. हा क्रम महत्त्वाचा, कारण रक्तातली प्रथिनं ब्लीचची ताकद खाऊन टाकतात. साध्या घरगुती ब्लीचमध्ये 5 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण त्याच दिवशी बनवावं आणि पृष्ठभाग 10 मिनिटं ओला राहू द्यावा. लावलं आणि लगेच पुसलं तर ते काम झालंच नाही. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू फुप्फुसं जाळतो.

रक्त जास्त असेल, गादी, कार्पेट, सोफा, लाकूड किंवा जिप्समची भिंत यांत मुरलेलं असेल, मृतदेह काही दिवस तसाच राहिलेला असेल किंवा आसपास सुया, फुटलेल्या काचा असतील, तर हात लावायचाच नाही. मला विचाराल तर, जागा न शोषणाऱ्या टाइलची असली तरी गेलेलं माणूस जवळचं असेल, तर एवढं एक कारणसुद्धा बाहेरची माणसं बोलवायला पुरे.

धोका नेमका कशाचा, हेही माहीत असावं. लोक घाबरतात एचआयव्हीला, पण तो विषाणू शरीराबाहेर वाळल्यावर बराच दुबळा होतो. हेपॅटायटिस बीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस संसर्ग करू शकतो आणि हेपॅटायटिस सीचा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत 6 आठवड्यांपर्यंत टिकलेला आढळला आहे. 'आता वाळलंय, काही होत नाही' हे म्हणूनच खोटं.

चुकून सुई टोचली किंवा उघड्या जखमेला रक्त लागलं, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. पिळू नये, चोखू नये. डोळ्यांत उडालं असेल तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवावं. आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. हेपॅटायटिस बीची लस पहिल्या 24 तासांत मिळालेली चांगली.

सफाई करणारी कंपनी निवडताना लोक दर विचारतात आणि वास जाईल का ते विचारतात. हे दोन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की डाग खाली कुठवर गेलाय हे तुम्ही कसं ठरवता? कार्पेटवर तळहाताएवढा दिसणारा डाग उचलून पाहिला, तर खालच्या फोमवर जेवणाच्या ताटाएवढा निघतो आणि त्याखालच्या प्लायवूडच्या जोडांतून आणखी पुढे सरकलेला असतो. टाइलची जमीन मोठी स्वच्छ दिसते, पण रक्त सांध्यांत आणि स्कर्टिंगच्या मागे उतरतं. जो माणूस जागा न बघता फोनवरच ठरावीक आकडा सांगतो, त्याला हे उचलून बघायचं नसतं. बघून गेल्यावर लेखी अंदाजपत्रक मागावं. काय काढून टाकणार, काय निर्जंतुक करून ठेवणार, उखडलेली फरशी परत कोण बसवणार, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं हवं. बसवण्याचं काम बरेचदा धरलेलं नसतं आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

दुसरा प्रश्न कामगारांचा. त्यांना हेपॅटायटिस बीची लस दिली आहे का? अमेरिकेत 1991 च्या नियमाने, रक्ताशी संबंध येणाऱ्या कामगारांना ही लस मोफत देऊ करणं मालकावर बंधनकारक केलं. नियम तुमच्याकडे असो नसो, या प्रश्नावर अडखळणारी कंपनी आपल्याच माणसांची काळजी घेत नाही हे कळतं. तुमच्या घराची काय घेणार?

तिसरा, कचरा जातो कुठे? रक्ताने भिजलेलं सामान रोजच्या कचऱ्यात जाता कामा नये. ते जैविक धोक्याचं चिन्ह असलेल्या पिशव्यांत, टोकदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या कडक डब्यात, आणि तिथून परवाना असलेल्या प्रक्रिया केंद्रात, याची पावती मागावी. (तीन चंद्रकोरी गुंफलेलं ते चिन्ह 1966 मध्ये डाऊ केमिकलचे अभियंता चार्ल्स बाल्डविन यांच्या पुढाकाराने तयार झालं. आधीपासून कशाचीच आठवण करून न देणारी आकृती मुद्दाम शोधली होती, म्हणजे लोकांना तिचा एकच अर्थ शिकवता येईल.)

माणसं येण्याच्या आदल्या दिवशी, काय सापडलं तर परत हवंय याची यादी लिहून द्यावी : कागदपत्रं, दागिने, फोन, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या. रक्त लागलेला कागदही कधी कधी वाचवता येतो, पण आधी सांगितलं तरच. गाडीवर कंपनीचं नाव नको असेल तर तेही बोलून घ्यावं आणि कामगारांनी आपापल्या मोबाइलवर फोटो काढू नयेत, हे करारात लिहून घ्यावं. हजर राहायला घरातला सर्वांत जवळचा माणूस नको. ज्याला निर्णय घेता येतो आणि सही करता येते असा कोणी नातलग किंवा मित्र बरा.

ओझोनचं यंत्र कोणी पहिल्याच दिवशी लावायला निघालं तर थांबवावं. मुरलेलं सामान बाहेर गेल्याशिवाय वास मारणं म्हणजे नुसती झाकपाक, आणि ओझोन श्वासात गेलेला चांगला नाही. यंत्र चालू असताना खोलीत माणूस, जनावर, कुंडीही नको.

काम संपल्यावर कंपनी एटीपी चाचणी करून दाखवते का ते बघावं. एटीपी म्हणजे पेशींमध्ये असणारं एक रसायन. पृष्ठभागावरून बोळा फिरवून त्याचा अंश उरलाय का, हे ती चाचणी काही सेकंदांत आकड्यात सांगते. विषाणूंमध्ये मात्र एटीपी नसतं, म्हणून आकडा कमी आला याचा अर्थ घाण नीट निघाली एवढाच घ्यावा. सफाईआधीचे आणि नंतरचे फोटो, कचऱ्याची पावती, वापरलेल्या जंतुनाशकाचं नाव आणि काम पूर्ण झाल्याचं पत्र एका फाइलीत ठेवावं. मग खोलीच्या खिडक्या-दारं एक अख्खा दिवस बंद ठेवून दुसऱ्या दिवशी आत जाऊन बघावं. वास परत आला असेल तर कुठेतरी खाली काहीतरी राहिलंय. त्यांना परत बोलवावं, आणि शेवटचा हप्ता तोवर देऊ नये.