रिएगोच्या उठावाचे स्मृतिपदक पारखताना या चुका टाळा

स्पेनमधील 1820 च्या उठावाचे स्मृतिपदक हाती आले की संग्राहकाची पहिली चूक बहुधा साल वाचतानाच होते. स्पेनची कादिझची राज्यघटना 19 मार्च 1812 रोजी जाहीर झाली, राजा फर्नांडो सातव्याने ती मे 1814 मध्ये रद्द केली, 1 जानेवारी 1820 रोजी लास काबेसास दे सान हुआन येथे सेनाधिकारी राफाएल देल रिएगोने तिच्याच नावाने सैन्य उठवले आणि मार्चमध्ये राजाला ती निमूटपणे मान्य करावी लागली. त्यामुळे पदकावर 1812 कोरलेले दिसले, तरी ते त्याच वर्षी घडवले गेले असे गृहीत धरू नये. 1820 मध्येही गौरव त्याच राज्यघटनेचा होत होता. शिवाय 1836 मध्ये ला ग्रान्हा येथील सार्जंटांच्या बंडाने तीच राज्यघटना तिसऱ्यांदा अमलात आणली.

चेहऱ्यावरून काळ ठरवणेही तितकेच धोक्याचे आहे. रिएगोला 7 नोव्हेंबर 1823 रोजी माद्रिदमध्ये फाशी दिली गेली, परंतु 1835 मध्ये त्याची अधिकृतपणे पुन्हा प्रतिष्ठापना झाली. म्हणून त्याची प्रतिमा असलेले पदक मरणोत्तरही असू शकते.

नाण्याला पदक समजण्याची चूकही होते. राज्यघटना पुन्हा लागू असलेल्या 1820 ते 1823 या तीन वर्षांतील नाण्यांवर फर्नांडो ‘देवाच्या आणि राज्यघटनेच्या कृपेने’ राजा असल्याचे स्पॅनिशमध्ये लिहिलेले असते, आणि हा मजकूर वाचून ‘हे तर राज्यघटनेचे पदक’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. रेआल या तेव्हाच्या स्पॅनिश चलनातील मूल्य आणि टांकसाळीचे चिन्ह दिसले, तर ते चलनी नाणेच आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून पदक चकचकीत करण्याची. काळसर पुटाबरोबर पृष्ठभागाचे बारीक तपशील झिजतात, आणि जाणकार ग्राहक ती कृत्रिम चमक पाहूनच किंमत उतरवतो. तांब्याच्या पदकावर हिरवट कळंक भुकटीसारखा झडत असेल, तर ते पदक इतरांपासून वेगळे ठेवून कोरड्या जागी हलवावे आणि संवर्धनतज्ज्ञाला दाखवावे. मऊ प्लास्टिकची पाकिटे त्याच वेळी काढून टाकावीत.

अक्षरांच्या कडा बोथट, पार्श्वभूमीवर सूक्ष्म खळगे आणि कडेवर घासलेली शिवण असल्यास ती ओतीव प्रत असण्याचा संशय घ्यावा. वरचे भोक किंवा कडी मात्र दोष मानण्याची घाई करू नये, कारण अनेक पदके छातीवर लावण्यासाठीच घडवलेली असत. भोक नंतर पाडले आहे का, हे त्याच्या कडेला अक्षर कापले गेले आहे का यावरून पाहावे.