दोन भाषांचं मूल तपासताना

स्पीच थेरपीच्या इंटर्नशिपमध्ये दुसऱ्या महिन्यात माझ्यापुढे पाच वर्षांचा एक मुलगा आला. घरी भोजपुरी, चाळीत हिंदी, बालवाडीत मराठी. माझ्याकडे उच्चार तपासायचा चित्रांचा संच मात्र मराठीच. ‘कावळा’ला ‘तावला’, ‘केळं’ला ‘तेलं’, ‘बाळ’ला ‘बाल’, ‘पाणी’ला ‘पानी’. मी सगळ्यांपुढे फुल्या मारल्या.

मॅडमनी कागद पाहिला आणि दाराशी उभ्या बाबांना आत बोलावलं. बाळाचं चित्र पुढे केलं, "याला मराठीत काय म्हणता?" बाबा लाजत म्हणाले, "बाल." मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘ळ’ आणि ‘ण’ त्या घरात कोणाच्याच तोंडी नव्हते, तर ते मुलाचे दोष कसे? निम्म्या फुल्या खोडल्या.

‘क’चं तसं नव्हतं. हिंदीतही तो ‘कबूतर’ला ‘तबूतर’च म्हणत होता. जीभ दोन्ही भाषांत मागे जात नव्हती. थेरपी लागणार होती ती याला.

बीएएसएलपीच्या, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीच्या, चार वर्षांत ध्वनिशास्त्राचा पेपर सगळ्यांनाच रटाळ वाटतो, मलाही वाटला. पण ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चमचा’तला ‘च’ वेगळे, हिंदीत मात्र दुसरा नाहीच, हे कानाला कळलं नाही तर फुल्या अशाच चुकतात. संच एकाच भाषेचा असेल तर दुसऱ्या भाषेतले वीसेक शब्द स्वतः जमवा, घरच्यांकडूनही म्हणवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. समोर ऐकताना हमखास काहीतरी निसटतं.

‘क’साठी आरशासमोर जिभेचं टोक लाकडी पट्टीने खाली धरलं, मान वर करून गुळण्या करवल्या. पहिल्या दिवशी हसण्यात सगळं पाणी शर्टावर. मग जोड्या: मराठीत ‘काप–ताप’, हिंदीत ‘काला–ताला’. मराठीत ‘क’ बसल्यावर ‘कबूतर’ आपोआप सुधारलं. ‘ग’वर मात्र पुन्हा मेहनत झाली.

मध्येच आईने विचारलं, "घरी भोजपुरी बंद करू का? सगळे तेच सांगतात." आजीला दुसरी भाषा येत नव्हती, बंद केली असती तर नातू तिच्याशी बोलणार कसा? उलट आम्ही आजीलाच गृहपाठ दिला, रोज ‘कउआ’ची गोष्ट सांगायची आणि त्याच्याकडून वदवून घ्यायची.

पुढच्या वेळी आजी स्वतः आली, पिशवीत घरचा आरसा घेऊन.