बाबांची अर्धवेळ नोकरी: मागायची कशी, निभवायची कशी

केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. तो एकल पालक असेल तर पूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. खाजगी कंपनीत मात्र अर्धवेळ काम मागण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी बाबांचं त्या मानाने बरं: एप्रिल 2024 पासून तिथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो. इथे सगळी भिस्त मॅनेजर आणि एचआरशी होणाऱ्या बोलण्यावर, म्हणून तयारी करूनच जायचं.

1. हातात येणाऱ्या रकमेचा हिशेब मांडा

समजा पगार वर्षाला 18 लाख आहे आणि पाचऐवजी तीन दिवस काम करायचं आहे. पगार 10 लाख 80 हजारांवर येईल. हे ऐकूनच बहुतेक जण विषय सोडून देतात. पण 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 18 लाखांवर साधारण 1 लाख 51 हजार कर बसतो, आणि 10 लाख 80 हजारांवर शून्य. पीएफ बाजूला ठेवला तर प्रत्यक्ष घट 7 लाख 20 हजारांची नसून सुमारे 5 लाख 70 हजारांची आहे. त्यातून पाळणाघराचे आणि येण्याजाण्याचे वाचणारे पैसे वजा करा, मग घराचा हप्ता समोर ठेवून नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवा. ‘आईनेच नोकरी सोडावी’ हे घराघरात न बोलता ठरलेलं असतं. आकडे कागदावर आले की ते पुष्कळदा महागात पडणारं दिसतं.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: त्यात मूळ पगार येतो, आणि नोव्हेंबर 2025 पासून कधीकधी भत्त्यांचा काही भागही. असा धरला जाणारा पगार महिना 60 हजार आणि सेवा 8 वर्षं असेल तर ती सुमारे 2 लाख 77 हजार होते. तो पगार 36 हजारांवर आला आणि तेव्हाच राजीनामा दिला, तर 1 लाख 66 हजार. आधीची पूर्णवेळ वर्षंसुद्धा कमी दराने मोजली जातात. नोकरी बदलायची असेल तर शक्यतो पूर्णवेळावर परतल्यावर बदला.

2. दिवस की तास, ते ठरवा

ऑफिस हिंजवडीत आणि घर हडपसरला असेल, तर रोज अर्धा दिवस कामाला जाण्यात अर्थ नाही, वेळ रस्त्यातच जाईल. तिथे तीन पूर्ण दिवस बरे. मूल शाळेत जाणारं असेल आणि घरून काम करता येत असेल, तर शाळा सुटेपर्यंतचे तास घ्या. अमेरिकेतला क्लायंट असेल तर संध्याकाळचे कॉल आधी बघा: साडेसहा ते साडेनऊ हीच मुलांच्या जेवणाची आणि झोपेची वेळ असते. ते कॉल तसेच राहणार असतील तर दुपारी मोकळं राहून फारसं काही साधत नाही.

3. कोणतं काम सोडणार, ते तुम्हीच सांगा

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. तास कमी होतात, पगार कमी होतो, काम तेवढंच राहतं. मग रात्री मूल झोपल्यावर लॅपटॉप उघडायचा. म्हणून तासांच्या आधी कामाचं बोला. सध्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे ‘माझ्याकडे’, ‘अमुककडे’ किंवा ‘बंद’ असं लिहा. वाटणी जमत नसेल तर मागणी अजून तयार नाही, थांबा. मॅनेजरला पितृत्वाचं महत्त्व पटवत बसू नका. तुम्ही कामावर नसाल त्या दिवशी प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टीमला, काही झालं तर फोन कोण घेणार, एवढंच त्याला हवं असतं. ते नाव घेऊनच जा. अप्रायझल झाल्यावर किंवा रिलीज संपल्यावर विषय काढा आणि आधी तीन महिन्यांपुरतं मागा. तेवढ्याला होकार मिळणं सोपं जातं.

4. लेखी घ्या

‘बघू, ॲडजस्ट करू’ याला होकार समजू नका. पत्रात कामाचे दिवस, पगार, सुधारित केआरए (ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्या), गटविम्यात कुटुंबाचं नाव कायम राहणं, सेवेत खंड न पडणं आणि पूर्णवेळावर परतण्याची सोय एवढं हवंच. एचआर कधीकधी सुचवतं, ‘राजीनामा द्या, कन्सल्टंट म्हणून घेतो.’ ऐकायला सोपं वाटतं, पण सेवा तिथेच तुटते. पीएफमधला कंपनीचा वाटा थांबतो आणि बहुधा विमाही जातो. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच हो म्हणा, आणि तेव्हा मानधन त्या हिशेबाने वाढवून मागा.

5. घरचं काम पूर्ण अंगावर घ्या

बायकोला ‘मदत’ करायला म्हणून घरी राहिलात तर तिची यादी तशीच राहते, वर तुम्हाला कामं सांगण्याचं काम वाढतं. त्यापेक्षा दोन-तीन गोष्टी पूर्ण उचला: लसीकरण आणि डॉक्टर, डबा, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्या ग्रुपवर एकटेच बाबा असाल, चालायचंच. नातेवाईक विचारतील, ‘नोकरी गेली का रे?’ आईवडिलांना आधीच नीट सांगून ठेवा, म्हणजे लग्नकार्यात पाहुण्यांना तेच उत्तर देतील.

तीन महिन्यांनी

सुट्टीच्या दिवशी घेतलेले कॉल मोजा. दर आठवड्याला एखाद-दुसरा कॉल असेल तर चालेल. त्याहून जास्त असतील तर तिसऱ्या पायरीतली यादी पुन्हा उघडा आणि मॅनेजरसमोर दोन पर्याय ठेवा: आणखी एक काम काढून घ्या, किंवा चौथ्या दिवसाचा पगार द्या.