पिकअप खरंच वाढला का? डायनोशिवाय (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय) मोजताना या चुका टाळा

इंदूरला राजेंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याने १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकला परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवला आणि डिसेंबरमध्ये एका सकाळी फोन केला. "मामा, ४० ते ८० च्या वेगाला अर्धा सेकंद कमी झाला! ५.६ वरून ५.१!" आवाजात आनंद मावत नव्हता. मी विचारलं, आधीचं ५.६ कधी मोजलं होतंस? मे महिन्यात, दुपारी. गाडीत कोण होतं? शेजारी मित्र, मोबाइलचं स्टॉपवॉच धरून. आणि आज? एकटाच, एका अ‍ॅपवर.

मी म्हटलं, गाडी तशीच उभी कर, डिकीतला जुना फिल्टर परत बसव आणि आत्ताच्या आत्ता पुन्हा मोज. अर्ध्या तासाने फोन आला. जुन्या फिल्टरवरही ५.१.

पोराने काही लबाडी केली नव्हती. ७० किलोचा मित्र उतरला, म्हणजे माणसांसकट हजारेक किलोच्या गाडीचं वजन ७ टक्क्यांनी घटलं. तेवढ्यानेच पाच सेकंदांतले ०.३५ सेकंद गेले. उरलेलं थंड हवेने आणि स्टॉपवॉचवरच्या अंगठ्याने खाल्लं. फिल्टरच्या वाट्याला काही उरलंच नाही.

सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते: काहीही न बदलता आकडा किती हलतो, हे आधी न मोजणं. पार्ट बसवण्याच्या आधी, त्याच गाडीत, त्याच सकाळी, सहा फेऱ्या जाताना आणि सहा येताना मारा. समजा एकाच दिशेच्या फेऱ्या ५.० ते ५.३ मध्ये पसरल्या. मग ०.१ सेकंदाचा फायदा एका फेरीत दिसणं शक्यच नाही. तो सरासरीतच शोधावा लागेल. हा पसारा ज्याने मोजला नाही, त्याला प्रत्येक पार्ट चालतोय असंच वाटतं. म्हणून क्रम असा ठेवा: जुना, नवा, परत जुना. तिसऱ्या टप्प्यात आकडा मूळ जागी आला, तरच मधला फरक पार्टचा. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, कारण काढलेला पार्ट पुन्हा बसवायचा कंटाळा येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, फिल्टरसारखी पाच मिनिटांत बदलणारी वस्तू असेल तर ती गाळू नका.

० ते १०० मोजू नका. त्यात क्लच सोडण्याचं कसब, टायर घसरणं आणि दोन गियर बदलणं एवढं मिसळतं की इंजिन कुठे हरवतं ते कळत नाही. एकच गियर धरा. छोट्या हॅचबॅकला दुसऱ्या गियरमध्ये ४० ते ८० म्हणजे साधारण ३,००० ते ६,००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). ताकदीचा पट्टा नेमका तिथेच असतो आणि वेगही आटोक्यात राहतो. ३० लाच पेडल पूर्ण दाबा, म्हणजे ४० येईपर्यंत इंजिन सावरलेलं असतं. एसी बंद, काचा वर, टायरात हवा दर वेळी तेवढीच, तीही टायर थंड असताना भरलेली. पेट्रोलची पातळीही सारखी ठेवा. ३० लिटर म्हणजे बावीसेक किलो.

रस्ता डोळ्याने सपाट ठरवू नका. ही चूक फार महागात पडते, म्हणून हिशोबच मांडतो. ४० ते ८० ला पाच सेकंद लागत असतील, तर गाडी त्यात ८३ मीटर जाते. एवढ्या अंतरात रस्ता ८० सेंटिमीटर चढला, तर तो जवळजवळ १ टक्का चढ झाला. हजार किलोच्या गाडीला तो सुमारे १०० न्यूटनने मागे ओढतो, आणि गाडीला पुढे ढकलणारं बल असतं साधारण २,२०० न्यूटन. म्हणजे सरळ साडेचार टक्क्यांचा फरक, कुठल्याही फिल्टरच्या फायद्याहून जास्त. बायपासवर उभं राहून हा चढ दिसत नाही. माळव्याचा माळ सपाट वाटतो, पण असतो लाटालाटांचा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला, तसा मोजूनमापून बांधलेला रस्ता आपल्याला रोज कुठून मिळणार? आपला उपाय एकच. त्याच खांबापासून त्याच खांबापर्यंत दोन्ही दिशांनी फेऱ्या, आणि दोन्हींची सरासरी. वाऱ्याचं मात्र सरासरीने पूर्ण भागत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. झाडाचं पान हलत नाही अशी सकाळ निवडा.

हवेचं तापमान तर मोठाच घोळ घालतं. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के दाट असते. ताकद तितकी वाढत नाही, पण साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात पाच-सहा टक्के फरक सहज पडतो. उंचीचंही तेच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मानपूरचा घाट उतरून महेश्वरला गेलात की सुमारे ४०० मीटर खाली येता आणि हवेचा दाब चार-साडेचार टक्के वाढतो. इंदूरला मोजलेला 'आधी' आणि निमाडात मोजलेला 'नंतर' एकमेकांशेजारी मांडू नका. टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट: लागोपाठ फेऱ्यांत इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) तापतो आणि वेळ वाढत जातो. दोन फेऱ्यांमध्ये सारखा वेळ सोडा.

आता मोजायचं कशाने? स्टॉपवॉच नको. माणसाचा हात ०.२ सेकंद इकडेतिकडे होतोच, म्हणजे पाच सेकंदांत ४ टक्के. मोबाइलचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच वेग सांगतो, म्हणजे अख्ख्या फेरीत पाच ठिपके. ब्लूटूथचं ईएलएम ३२७ (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला, लावलं तर वेग पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो, पण आरपीएम पाव आरपीएमपर्यंत बारीक मिळतो. गियर एकच असल्यामुळे आरपीएम हाच वेग. म्हणून '४० ते ८०' ऐवजी '३,००० ते ६,०००' चा वेळ काढा.

याहून चांगली, आणि फुकटची, रीत आवाजाची आहे. मोबाइल गाडीत एका जागी पक्का ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि घरी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठला सूर, ते दाखवणारं चित्र) उघडा. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला स्फोटांचा सूर १०० हर्ट्झवर असतो, ६,००० ला २०० वर. तीन सिलिंडरला ७५ आणि १५०. पडद्यावर तिरकी चढत जाणारी उजळ रेघ दिसते. ती १०० ला कधी छेदते आणि २०० ला कधी, एवढंच वाचायचं. भाच्याने पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसला होता. या रीतीने त्याचा पसारा ०.३ वरून ०.१ च्या आत आला.

टायर बदलून स्पीडोमीटरवर मोजू नका. १८५/६५ आर १५ काढून १९५/६५ आर १५ घातले की व्यास २ टक्के वाढतो. काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी आधीपेक्षा २ टक्के जास्त वेगात असते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ४ टक्के जास्त. गाडी मंदावल्यासारखी वाटते, दोष इंजिनला लागतो.

पेडल बॉक्सबद्दल स्पष्टच बोलतो. तो फक्त पेडलचा इशारा बदलतो. अर्धं दाबलं तरी ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) पाऊण वाटतं. पूर्ण दाबल्यावर वेळ आधीइतकाच येतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचंही तसंच, कान खूश होतात आणि पाठीला धक्का बसल्यासारखा वाटतो.

हॉर्सपॉवर काढायचीच असेल तर: हजार किलोची गाडी ४० वरून ८० ला न्यायला सुमारे १८५ किलोज्यूल लागतात. भागिले ५ सेकंद, म्हणजे ३७ किलोवॅट, ५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). ब्रोशरमध्ये ८० च्या वर लिहिलेलं असतं म्हणून घाबरू नका. ब्रोशरचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनवरचा, आणि कमाल असतो. तुमचा चाकांवरचा, हवेचा विरोध वजा जाऊन उरलेला, आणि पूर्ण पट्ट्याची सरासरी. अ‍ॅपवाले यात गाळलेलं अंदाजाने भरतात. आधी आणि नंतरचं प्रमाण तेवढं धरा. वजन मात्र आरसीवरून उचलू नका, धर्मकाट्यावर नेऊन करा.

फेऱ्यांसाठी भर दिवसाचा, रिकामा, दुभाजकाचा रस्ता हवा आणि तिथली वेगमर्यादा पाळलेली हवी. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर संध्याकाळी हे करणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराशी खेळ. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पार्टचे पैसे देण्याआधी हे वाचा.

पार्ट बसवल्यावर वेळ उलट वाढला तर? बॅटरीचा टर्मिनल काढला असेल तर ईसीयूची शिकलेली जुळणी पुसली गेलेली असते. दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवून मग मोजा. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं असेल, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. मग ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. ओळखीच्या एका मुलाच्या गाडीत नवा इनटेक (इंजिनात हवा नेणारा पाईप) लावल्यावर पिकअप पडला होता. गाडी आयडलवर उभी, ट्रिम अधिक १४. सेन्सर आणि इंजिन यांच्यामधल्या होजपाईपवर हात फिरवला, तर क्लॅम्पखाली रबर दुमडलं होतं आणि तिथून न मोजलेली हवा आत जात होती. रबर सरळ करून क्लॅम्प दोन आटे घट्ट केला. दोन दिवसांनी ट्रिम अधिक ३ वर आली होती, आणि वेळ इनटेक लावण्याआधी होता तेवढाच.