शेजारची खुर्ची रिकामी झाली की

माझी ऑफिसातली मैत्रीण नोकरी सोडून पुण्याला गेली, आठ वर्षं इंदूरला विजयनगरच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसून अकाउंट्स सांभाळले, आणि खरं सांगते, कामापेक्षा दुपारचा दीड वाजला की जास्त रडू यायचं. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आलीये त्यांनी आधी डब्याची वेळ सांभाळा. पहिल्याच सोमवारी स्वतःहून दुसऱ्यांच्या टेबलवर जाऊन बसा, कारण तुम्ही दोघी कायम एकत्र असायच्या ना, त्यामुळे बाकीच्यांना वाटतं तुम्हाला कुणी नकोय. मी घरून जास्तीचे पोहे नेले, वर शेव अन् जिरावन मसाला, इंदुरात याच्यावर कुणी नाही म्हणत नाही.

कामाचं म्हणाल तर नोटीस पीरियडमध्येच एक वही भरून घ्या. फाइल कुठेय हे नंतरही सापडतं हो, पण कोणत्या पार्टीला कधी फोन करायचा, जीएसटीच्या 11 आणि 20 तारखेच्या रिटर्नआधी कुणाची बिलं हमखास उशिरा येतात, हे तिच्या डोक्यातच असतं. आणि तिचं काम तुमच्याकडे आलं तर कधीपर्यंत, हे साहेबांना मेलवर विचारा, तोंडी नको.

तिला रोज फोन करू नका, तीही तिकडे नवीनच आहे. आम्ही रविवार सकाळ ठरवलीये, चहा घेऊन बसतो दोघी फोनवर, ऑफिसचा विषय पहिली दहा मिनिटंच.