मोठ्या माणसांना इंग्रजीतून बँकेचे व्यवहार शिकवताय? या चुका टाळा

बचत गटाची बैठक संपल्यावर तासभर थांबून इंग्रजी शिकणाऱ्या बायका, बोटीवर किंवा आखातात जायच्या तयारीतली मुलं, होमस्टे चालवणारी नवरा-बायको. अशा मंडळींना शिकवायला बसलं की मागणी ठरलेली असते: "ते ग्रामर नंतर, आधी बँकेतलं शिकवा." मागणी रास्त आहे. गाडी अडते ती शिकवणाऱ्यापाशी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यांना पैशातलं काही कळत नाही असं धरून चालणं. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा कागद-पेन हातात न घेता बोली लावणारी बाई भिशी चालवते, उधारी लक्षात ठेवते आणि पेटीमागे दलालाने किती कापले हेही तोंडपाठ सांगते. तिला "बचतीचे महत्त्व" शिकवायला गेलात तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि बरोबरच करेल. तिचं अडतं ते स्लिपवरच्या आणि मेसेजमधल्या चार इंग्रजी शब्दांशी. तेवढंच घ्या.

नेटवरचे तयार धडे जसेच्या तसे वापरू नका

इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी नेटवर भरपूर साहित्य मिळतं, पण त्यातलं पुष्कळसं अमेरिकेचं. त्यात डॉलर-सेंट येतात, आपल्याकडे नसलेलं चेकिंग अकाउंट येतं, आणि तारखेत महिना आधी लिहितात. आपल्या चेकवर दिवस आधी, मग महिना. ५ ऑगस्टचा चेक कुणी ०८/०५ असा लिहिला तर तो ८ मेचा ठरतो, आणि चेकची मुदत तारखेपासून ३ महिनेच असते. म्हणजे हातातला ताजा चेक दोन-तीन दिवसांतच शिळा! त्यापेक्षा शाखेतून कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा मागून आणा आणि त्यावरच शिकवा. भरण्याची आणि काढण्याची स्लिप शेजारी ठेवून फरक शोधायला लावलात तर अर्धा तास कसा जातो कळत नाही.

चेक मराठीतही लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेची त्याला मुभा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. इंग्रजी आलं नाही म्हणून पैसे अडकतील ही धास्ती गेली की माणसं मोकळेपणाने शिकतात.

सहीचा घोळ

ही अडचण शिकवणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. चार अक्षरं यायला लागली की हौसेने इंग्रजीत सही सुरू होते. बँकेकडे नमुना असतो जुन्या मराठी सहीचा, कुणाकुणाचा तर अंगठ्याचा. मग स्लिप परत येते, चारचौघांत ओशाळवाणं होतं आणि खापर इंग्रजीवर फुटतं. सही बदलायची असेल तर आधी शाखेत अर्ज देऊन नवा नमुना द्यायचा, मगच ती वापरायची. तोवर इंग्रजी सही वहीत हवी तेवढी गिरवा.

मेसेज शिकवताय, पण तो येतो कुणाच्या फोनवर?

‘डेबिटेड’ म्हणजे गेले, ‘क्रेडिटेड’ म्हणजे आले, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे कुठे बघायचे, शिल्लक कुठे लिहिलेली असते. हा धडा सगळ्यांत उपयोगाचा आहे. पण तो शिकवून झाल्यावर मालवणकडची एखादी काकी म्हणते, "मेसेज मुंबयक झिलाच्या फोनार येता." खातं उघडताना मुलाचा नंबर दिलेला असतो, त्यामुळे ओटीपीही दादर नाहीतर डोंबिवलीला जातो. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येकीला विचारा, पासबुकाशी जोडलेला नंबर कुणाचा? तो बदलायला सहसा स्वतः शाखेत जावं लागतं. मुलगा गणपतीला घरी आला की त्याच्यासमोर विषय काढलेला बरा, नाहीतर घरात उगाच वाटतं की म्हातारीला पोरावर भरवसा राहिला नाही.

आकडे ऐकायला शिकवा

लिहिलेला आकडा सगळे वाचतात, फसगत होते ती कानाने ऐकताना. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच वाटतात. "वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?" हा उलट प्रश्न पाठ करून घ्या, तो जन्मभर पुरतो. बँकेच्या शाखेची ओळख सांगणाऱ्या आयएफएससी कोडमध्ये ११ अक्षरं-आकडे असतात आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहिला तर कोड चुकीचा ठरतो.

आखातात जाणाऱ्यांसाठी एक तास वेगळा ठेवा. आपला १,००,००० तिकडच्या कागदावर १००,००० असा दिसतो; रक्कम तीच, फक्त स्वल्पविराम सरकतो. कुवेत आणि बहरीनचा दिनार, ओमानचा रियाल यांचे भाग शंभर नव्हेत, हजार. त्यामुळे टिंबानंतर तीन आकडे येतात. २५०.५०० म्हणजे अडीचशे दिनार आणि वर अर्धा. टिंबाला स्वल्पविराम समजून तो अडीच लाख वाचला तर पगाराच्या करारावर सही करणाऱ्याचं काय होईल, विचार करा. तिकडे नोकरी लागल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं खातं) करून घ्यावं लागतं, हेही त्याच तासात सांगून ठेवा.

सरावासाठी खरं कार्ड, खरा पिन नको

वर्गात कुणाचंही एटीएम कार्ड फळ्याजवळ येता कामा नये. पासबुकाची झेरॉक्स वापरायची तर खाते क्रमांकावर काळी पट्टी मारा. "बाई, तुम्हीच पिन घालून दाखवा" असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या. वाईट वाटलं तरी चालेल. तो नकार हाच त्या दिवसाचा धडा.

फसवणुकीवर भाषण नको, जोडीने संवाद करून घ्या. एकीने तारकर्लीला खोली बुक करणारा गिऱ्हाईक व्हायचं: गोड इंग्रजीत "मी ॲडव्हान्स पाठवतो, फक्त कोड स्कॅन करून पिन टाका." दुसरीने एवढंच म्हणायचं, "नो पिन टू रिसीव्ह मनी." पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. हे वाक्य कुणी अडखळत म्हटलं तरी व्याकरण सुधारत बसू नका. आणि पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि लगेच बँकेला कळवायचं. हा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्या.

राहता राहिलं वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या धामधुमीत कुणी फिरकणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने बोटींवरची माणसं मोकळी असतात, पण शेतीवाल्या बायका तेव्हा लावणीला. दोघांना एकाच वर्गात बसवायचा हट्ट सोडा आणि दोन वेगळे गट करा.