उड्या मोजा, रेघा नकोत

तिसरीच्या वर्गात पट्टी बाहेर काढायच्या आधी मी बाक मोजायला लावते, वितीने. एकाच्या हाताने तो सात विती भरतो, शेजारणीच्या हाताने आठ. "बाई, ह्याचा हात मोठाय!" थोडं भांडू द्यावं. "सगळ्यांची वीत सारखी पाहिजे" असं कुणीतरी म्हणतंच, तेव्हा पट्टी दाखवायची.

तरी ती लगेच वाटू नका. व्हरांड्यात खडूने लांब रेघ ओढा, फरशीच्या प्रत्येक सांध्याला खूण करा आणि 0 ते 10 आकडे घाला. पोराला शून्यावर उभं करायचं, पाचापर्यंत उड्या मारायला सांगायच्या. उड्या किती? पाच. आणि शून्याची धरून रेघा किती? सहा! सगळ्या वर्गाला हे करू द्या, तास गेला तरी चालेल. कारण पट्टी हातात आली की मुलं वस्तूचं टोक 1 वर लावतात. त्यांचा दोष नाही; मोजायला एकापासून सुरुवात करायची हे आपणच बालवाडीपासून घोकून घेतलेलं असतं.

आता पट्टी. "शून्य कुठंय? बोट ठेव." बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून जरा आत असते, मुलं मात्र कड लावतात. इंचांच्या बाजूवर मी सरळ कागदी चिकटपट्टी लावून टाकते, नाहीतर 15 सेंमीची पेन्सिल कुणीतरी सहा सेंमी लिहितं.

मोजायला खराट्याच्या काड्या घ्या, बरोबर 5, 8, 12 सेंमीच्या कापून. सुरुवातीला पूर्ण सेंटिमीटरच. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचं. डोळा टोकाच्या बरोबर वर हवा, बाजूने पाहिलं की खूण सरकलेली दिसते.

मिलिमीटरसाठी घरून नोट बघून यायला सांगते. नवी चॉकलेटी दहाची नोट 123 मिमी लांब, म्हणजे 12 सेंमी आणि वर तीन बारीक घरं. पाचशेची 150 मिमी, कंपासमधल्या पट्टीएवढी. (ती शाळेत आणायची नाही, हे दोनदा बजावा.)

शेवटी माझं आवडतं साहित्य: मोडकी पट्टी. टाकून दिलेल्या पट्ट्या मी जमवून ठेवते. पहिले चार सेंमी तुटलेल्या पट्टीवर काडी 4 पासून 9 पर्यंत पोचते. कुणी म्हणतं नऊ, कुणी रेघा मोजून सहा. ज्याला व्हरांडा आठवतो तो बोटाने उड्या मारतो आणि पाच म्हणतो. त्यालाच फळ्यापाशी बोलवा, तुम्ही समजावू नका.

ही युक्ती माझी नाही. माझे वडील सुतार. त्यांच्या लाकडी पट्टीचं टोक झिजलं होतं, म्हणून ते 10 वर धरायचे आणि शेवटी दहा सेंमी हिशेबात घ्यायचे. एकदा ते विसरले आणि गिऱ्हाइकाची फळी दहा सेंमी आखूड कापली गेली. आमच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी अजून त्याच फळीवर असते.